कोंबड्यांच्या टाकीत जाणारे अँटिबायोटिक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोंबड्या हॉर्मोनची इंजेक्शने देऊन फुगवतात, असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना एकेक धरून सुया टोचत बसणे कोणाला परवडणारही नाही. नसत्या गोष्टीची भीती बाळगता बाळगता खरा प्रश्न बाजूला पडतो, म्हणून हे पत्र. तो प्रश्न शेडच्या टोकाला उभ्या असलेल्या पाण्याच्या टाकीचा आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात ७ कोटींहून अधिक कोंबड्या मोजल्या गेल्या. त्यांच्या टाकीत कोणते औषध, किती आणि कधीपर्यंत पडते याची नोंद पक्ष्याबरोबर बाजारात येत नाही. ती यावी, एवढेच आमचे मागणे आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगावे लागेल.

पाच हजार पक्ष्यांची शेड घ्या. बाविसावा दिवस. रात्री दिवे मालवले की आतून घरघर ऐकू येते, काही पक्षी मान झटकून शिंकतात. सकाळी सात-आठ मरतूक निघते. फोन जातो आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या १० टक्के द्रावणाची बाटली टाकीत ओतली जाते. या औषधाची मात्रा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम. बाविसाव्या दिवशी पक्षी साधारण एक किलोचा, म्हणजे शेडमध्ये पाच हजार किलो वजन. त्याला रोज ५० ग्रॅम औषध, म्हणजे ५०० मिलि द्रावण लागते. पक्षी दिवसाला सुमारे २०० मिलि पाणी पितो, पाच हजारांचे झाले हजार लिटर. ‘दोन लिटरला एक मिलि’ हा जो हिशेब सगळ्यांच्या तोंडी असतो तो इथून आला आहे.

हा हिशेब चुकतो तो थंडीत. डिसेंबर-जानेवारीत घरघर सर्वांत जास्त असते आणि पक्षी पाणी सर्वांत कमी पितात. २०० ऐवजी १३० मिलि प्यायले, तर दोन लिटरला एक मिलि घालूनही पोटात दोन तृतीयांशच औषध गेले. त्यातही आजारी पक्षी कोपऱ्यात पिसे फुगवून बसतो, ड्रिंकरपाशी येतच नाही. औषध पितात ते धडधाकट. शिवाय बाटली महाग, म्हणून कोणी तीन लिटरला एक मिलि करतो, आणि घरघर कमी वाटली की दुसऱ्याच दिवशी कोर्स थांबवतो. औषध द्यायचेच असेल तर शेडच्या चार-पाच ठिकाणचे मिळून पन्नासेक पक्षी तोलावेत, सरासरी काढावी, एकूण वजनावरून औषधाचे ग्रॅम ठरवावेत, आदल्या दिवशी टाकीतले किती पाणी संपले ते पाहून तेवढ्या पाण्यात ते मिसळावे आणि पशुवैद्यकाने लिहिलेले तीन ते पाच दिवस पूर्ण द्यावे. जे पक्षी गादीवर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर, बसून राहिलेले दिसतात त्यांना वेगळ्या कप्प्यात घेऊन स्वतंत्र पाणी पाजावे.

कमी मात्रेचा तोटा फक्त पैशांचा असता तर वर्तमानपत्राला लिहिण्याची गरज नव्हती. एन्रोफ्लॉक्सॅसिन ज्या गटातले, त्या गटाची औषधे जंतूच्या गायरेज नावाच्या विकरावर (एन्झाइमवर) काम करतात. त्या विकराच्या जनुकात एक बदल झाला की जंतू थोडासा निबर होतो, म्हणजे औषधाला दाद देईनासा होतो, दुसरा झाला की चांगलाच. पुरेशी मात्रा पहिल्या पायरीवरच्या जंतूलाही संपवते. अर्धीमुर्धी मात्रा नेमके उलटे करते. ती नरम जंतू मारते आणि पायरी चढलेल्यांना मोकळे रान देते. जुने तूस न काढता त्यावरच पुढची पिल्ले सोडली, तर हे जंतू पुढच्या लॉटच्या, म्हणजे पिल्लांच्या पुढच्या खेपेच्या, पोटात पहिल्याच दिवशी जातात. आणि कोंबडीच्या शरीरात एन्रोफ्लॉक्सॅसिनचा काही भाग मोडून जे बनते ते सिप्रोफ्लॉक्सॅसिन आहे. हो, माणसांना लिहून दिली जाणारी तीच गोळी. त्यामुळे शेडमध्ये जे निबर झाले ते माणसाच्या औषधालाही निबर.

आता त्या घरघरीचे मूळ कारण पाहा. राणीखेत आणि इन्फेक्शिअस ब्राँकायटिस हे विषाणूंचे रोग आहेत, त्यांच्यावर कोणतेही अँटिबायोटिक चालत नाही. लस चुकली असेल तर बाटली ओतून ती भरून निघत नाही. आणि लस चुकते ती बहुधा पाण्यामुळेच. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात लासोटा ही राणीखेतची लस दिली की लसीतला विषाणू पक्ष्याच्या घशात जाण्याआधीच मरतो. लसीच्या आधी एक दिवस आणि नंतर एक दिवस क्लोरीन बंद हवे, लसीच्या पाण्यात लिटरला दोन-अडीच ग्रॅम स्किम दूध पावडर हवी, आणि ते पाणी दोन तासांत संपले पाहिजे. त्यासाठी आधी पक्ष्यांना थोडे तहानलेले ठेवावे लागते, उन्हाळ्यात तासभर, हिवाळ्यात दोन तास.

दुसरे कारण अमोनिया. थंडीत उबेसाठी परदे गच्च बांधले जातात, निपल (पक्ष्यांच्या पाणी प्यायच्या तोट्या) गळतात, गादी ओली होते आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. हवेत त्याचे प्रमाण २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) आसपास गेले की माणसाचे डोळे चुरचुरतात. आपण दोन मिनिटांत बाहेर येतो, पक्षी चोवीस तास त्यातच, जमिनीपासून वीतभर उंचीवर. अमोनियाने श्वासनलिकेतली घाण बाहेर ढकलणारी बारीक लव निकामी होते आणि धुळीबरोबर इ. कोलाय हा आतड्यातला जंतू थेट हवेच्या पिशव्यांत उतरतो. मेलेला पक्षी उघडला की काळजावर आणि यकृतावर पिवळसर पापुद्रा चढलेला दिसतो. त्याला ‘कोलाय आला’ म्हणतात. पण कोलाय बहुधा बाहेरून येत नाही. तो आतड्यात असतोच, वाट आपण उघडून दिलेली असते. मूठभर तूस दाबून पाहा. मूठ उघडल्यावर ते सुटले तर ठीक, लाडू झाला तर गादी ओली. ती रोज उकरावी, गळक्या निपलखालची काढून कोरडे तूस टाकावे, परदा वरून खाली सोडावा म्हणजे वरची दमट हवा निघून जाते आणि पिल्लांना झोत लागत नाही. ही कामे कष्टाची आहेत, बाटली सोपी आहे. बहुतेक शेडमध्ये अँटिबायोटिकचा खप रोगामुळे होत नाही, हवा आणि पाण्याच्या हयगयीमुळे होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाण्याचेही तसेच. बोअर खताच्या ढिगाजवळ असेल तर पावसाळ्यात पाण्यातूनच कोलाय येतो. शेवटच्या ड्रिंकरपाशी ३ ते ५ पीपीएम क्लोरीन मिळायला हवे. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन असते, त्यामुळे हजार लिटरला १० ते १७ ग्रॅम पावडर पुरते. वेगळ्या बादलीत कालवून, निवळ तेवढी टाकीत घालून, किमान अर्धा तास थांबावे. उघड्या पोत्यातली सहा महिन्यांची पावडर असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलेच नसते आणि शेतकऱ्याला वाटते आपण टाकले. तपासणीचे किट स्वस्त असते, त्यातल्या थेंबांनी पाणी पिवळे झाले तरच खरे. लॉट गेल्यावर पाइपलाइनमधला बुळबुळीत थर काढावा, तो राहिला तर पुढचे क्लोरीन त्यातच संपते.

इतके करूनही रोग येतो, आणि जंतूंचा रोग असेल तर औषध द्यावेच. आजारी पक्ष्याला औषध नाकारणे हा काही उपाय नव्हे. पण कोणते, हे प्रयोगशाळेने सांगावे. नमुना घेण्यात जी चूक नेहमी होते ती म्हणजे तीन औषधे वापरून झाल्यावर मेलेला पक्षी आणणे. त्यात काही उगवत नाही. औषध सुरू करण्याआधी, आजारी जिवंत किंवा दोन-चार तासांत मेलेले तीन-चार पक्षी बर्फाच्या डब्यात आणावेत. गोठवू नयेत. जंतू वाढायला एक दिवस, औषधांच्या चकत्या लावून पाहायला आणखी एक दिवस, म्हणजे तिसऱ्या दिवशी निकाल हातात. पुण्यात औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची) महाविद्यालये परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर, अकोला येथे आहेत. दोन दिवस कोण थांबणार, असे म्हणतात. त्या दोन दिवसांत हवा आणि पाणी सुधारले तर अर्ध्या वेळा मरतूक औषधाविनाच खाली येते. आणि निकाल या लॉटला उशिरा मिळाला, तरी त्याच शेडच्या पुढच्या लॉटला उपयोगी पडतोच.

कोलिस्टिनची गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी बाजूला ठेवलेले हे जुने अँटिबायोटिक. अतिदक्षता विभागातल्या जंतूंनी कार्बापेनेम या जबर अँटिबायोटिकांनाही दाद देणे सोडले तेव्हा ते पुन्हा शेवटचा उपाय म्हणून हातात आले. त्याच काळात ते कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यातून पुड्यांनी चालले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जंतूला कोलिस्टिनपुढे निबर करणारे एमसीआर-१ हे जनुक जाहीर केले. ते प्लास्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होते. गायरेजचा बदल आईकडून लेकीकडे जातो, हे जनुक शेजाऱ्याकडेही जाते. कोंबडीच्या आतड्यातल्या निरुपद्रवी कोलायने ते माणसाच्या आतड्यातल्या क्लेब्सिएला या रोगकारक जंतूला देणे त्यामुळे शक्य होते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. निर्णय योग्यच होता. चीनने वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे २०१७ मध्ये थांबवले आणि त्यानंतर तिथे डुकरांत आणि माणसांतही एमसीआर-१ चे प्रमाण घटल्याचे दिसले.

प्रत्येक औषधाच्या बाबतीत असे होईलच असे मात्र नाही. अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन २००५ मध्ये बंद केले, कारण माणसांना जुलाब करणारा कॅम्पिलोबॅक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनला जुमानेनासा झाला होता. बंदीनंतरही तो निबरपणा फारसा उतरला नाही. त्या जंतूला तो बदल सांभाळणे जड जात नाही, म्हणून औषध नसतानाही तो टिकून राहतो. म्हणजे काही दारे एकदा उघडली की मिटत नाहीत. ज्या औषधांवर अजून भिस्त आहे ती आताच जपली पाहिजेत, ती यासाठी.

ग्राहकांच्या मनात दोन गोष्टींची गल्लत होते, तीही दूर करायला हवी. मांसात उरलेला औषधाचा अंश वेगळा आणि त्या मांसावरचा निबर जंतू वेगळा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील ७० नमुने तपासले आणि त्यांतल्या ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. तो अंश टाळण्यासाठी औषध बंद केल्यापासून उचल होईपर्यंत, म्हणजे पक्षी विक्रीसाठी शेडमधून नेईपर्यंत, ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. औषधविषयक नियमांतला ९७ वा नियम २०१२ मध्ये बदलला तेव्हापासून हा काळ लेबलवर छापणे बंधनकारक आहे, आणि तो ठरवून दिलेला नसेल तर कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस, अंड्यांसाठी ७ दिवस धरायचे आहेत. ब्रॉयलर चाळिसाव्या दिवशी उचलला जातो. म्हणजे ज्या बाटलीवर काळ छापलेला नाही ती बाराव्या दिवसानंतर टाकीत ओतताच येत नाही! प्रत्यक्षात औषधाची गरज पडते ती विसाव्या दिवसानंतर. आणि कित्येकदा उचल दोन दिवसांवर आली असताना मरतूक सुरू झाली की उचलीपर्यंत औषध चालूच राहते.

पण हे सगळे पाळून अंश शून्यावर आला तरी औषधाने निवडून ठेवलेले जंतू आतड्यात तसेच असतात. त्यामुळे केवळ अंशांची तपासणी करून ‘कोंबडी सुरक्षित’ म्हणणे अपुरे आहे. शिवाय हे जंतू पक्ष्याला आजारी पाडतातच असे नाही. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पक्षी पटापटा मेले आणि यंत्रणा धावली. निबर जंतू घेऊन फिरणारा पक्षी तुकतुकीत असतो, त्याचे वजन भरते, त्याच्यासाठी कोणी धावत नाही.

तो जंतू माणसापर्यंत येतो तो चिकनच्या दुकानातून. गिऱ्हाईक समोर उभे असते तिथे पाहा. लाकडाचा ओंडका, त्यावर सुऱ्याच्या घावांनी पडलेल्या खाचा, खाचांत रक्त आणि चरबी मुरलेली. आतडे फाटले की विष्ठा त्याच ओंडक्यावर, त्याच सुऱ्याला, त्याच फडक्याला. पिसे काढायच्या ड्रममधले रबरी बोटांचे फिरणारे खुंट एका पक्ष्याची घाण पुढच्याला लावतात. ओंडक्याऐवजी जाड पांढरी फूड ग्रेड प्लास्टिकची पाटी, आतडी काढायला वेगळा सुरा, तासाभराने गरम साबणाचे पाणी आणि नंतर क्लोरीनचे पाणी, एवढे नगरपालिकांनी परवान्याच्या अटीत घालून तपासले तरी खूप होईल.

घरात फार घाबरण्याचे कारण नाही. निबर जंतूही साध्या जंतूंइतक्याच उष्णतेला मरतो. तुकड्याच्या मध्यापर्यंत ७५ अंश पोचले, हाडाजवळ गुलाबी उरले नाही, की काम झाले. धोका शिजण्याआधी असतो. नळाच्या धारेखाली चिकन धुतले की शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. धुवायचेच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, आणि ते पाणी अलगद मोरीत. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवावी, मग त्या विळीला चिकन लागू द्यावे. उलट क्रम कधीही नको. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत.

शेडमधून निघणारे खत हा दुसरा रस्ता, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. कोंबडीखत ट्रॉलीने येते आणि तसेच भाजीच्या वाफ्यात पडते. मेथी, कोथिंबीर, पालक, गाजर या मातीला टेकणाऱ्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना कच्चे खत देऊच नये. उसाचे पाचट मिसळून किमान चार फूट उंच ढीग करावा, ओलावा इतका की मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. आत ५५ अंश तापमान पंधरा दिवस टिकले आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग पलटला की बहुतेक रोगकारक जंतू मरतात. न पलटता ठेवलेला ढीग आत शिजतो, बाहेरून कच्चाच राहतो.

या सगळ्यात शेतकऱ्यावर खापर फोडणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. करार पद्धतीत पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचे, आणि शेतकऱ्याला मिळते ती किलोमागची वाढणावळ, म्हणजे पक्षी वाढवण्याची मजुरी. पोत्यात कोणते औषध आधीच मिसळलेले आहे हे त्याला कळण्याची सोयच नाही. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा बुडाला तोही हाच माणूस. म्हणून हे पत्र वाचून कोणी कोंबडी खाणे सोडू नये. आणि निबर जंतूंचा सगळा दोष कोंबड्यांच्या माथी मारू नये. माणसांच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा वाटा मोठा आहेच. पक्षी लवकर वाढावा म्हणून खाद्यात घातली जाणारी अँटिबायोटिके काढली तर धंदा बुडेल ही भीतीही अनुभवाला धरून नाही. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ मध्ये ती सोडली. मरतूक वाढली नाही आणि किलोमागे लागणारे खाद्य अगदी नाममात्र वाढले. अर्थात त्यांच्या शेडमध्ये हवा, पाणी आणि लसीकरण आधीच चोख होते. हा क्रम विसरून नुसती औषधे काढली तर आपल्याकडे मरतूक वाढेल, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा पशुसंवर्धन विभाग आणि अन्न व औषध प्रशासनाकडे आमची मागणी अशी. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर त्यात मिसळलेल्या अँटिबायोटिकचे नाव आणि किलोमागचे प्रमाण मराठीत छापलेले असावे. नसेल तर ‘नाही’ असे छापावे. शेडमध्ये पाण्यातून दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद नाव, तारीख, वजन, मात्रा आणि लिहून देणाऱ्या पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक यांसह ठेवावी आणि करार कंपनीने त्यावर सही करावी. उचलीच्या दिवशी गाडीबरोबर एका पानाची चिठ्ठी निघावी, तिच्यावर शेवटचे औषध कोणते आणि कोणत्या तारखेला एवढे तरी असावे. व्यापाऱ्याने वजनकाट्याच्या पावतीला ती जोडावी. प्रशासनाने नमुने घेताना नुसते छातीचे मांस घेऊ नये, यकृत आणि मूत्रपिंडही घ्यावे, कारण अंश तिथे जास्त सापडतात. आणि त्याच पक्ष्याच्या आतड्यातला नमुना माफसूच्या प्रयोगशाळेत पाठवून इ. कोलाय आणि सालमोनेला कोणत्या औषधांना दाद देतात ते पाहावे. निकाल जिल्हावार जाहीर करावेत, शेतकऱ्याचे नाव न देता, म्हणजे त्या जिल्ह्यातल्या पशुवैद्यकाला कोणते औषध लिहू नये ते कळेल आणि तिथल्या माणसांच्या डॉक्टरांनाही.

आपले,
कुक्कुटरोगांचे काम करणारे काही पशुवैद्यक